सगळ्यांनी दिलं, घेतलं कोणीच नाही

सुवर्णाने फॉर्म घरी बसून भरले, असं त्या मेलमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. तसं कोणी लिहीत नाही. 'उत्तरांचा पॅटर्न विश्वासार्ह वाटत नाही, शुक्रवारच्या कॉलच्या आत खुलासा करावा', एवढंच होतं. पण आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मी मेल पुन्हा वाचला, चहा टेबलावर तसाच टाकला आणि कारखानीस साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. ते वाचूनच बसले होते.

"सुवर्णा शिर्के. तुमचीच ना ही मुलगी?"

माझीच. मीच निवडलेली, मीच शिकवलेली. 

मी ठाण्यातल्या एका लहानशा सर्व्हे कंपनीत फील्ड मॅनेजर आहे. फील्ड म्हणजे लोकांची दारं. साबणापासून निवडणुकीपर्यंत कशाबद्दलही लोकांना काय वाटतं ते घरोघर जाऊन विचारायचं, हा आमचा उद्योग. विचारणाऱ्या बहुतेक बायका. त्यांना इन्व्हेस्टिगेटर म्हणतात, पण ते नाव ऐकलं की लोक दार लावून घेतात, म्हणून आम्ही आपलं 'सर्व्हेवाल्या' म्हणतो. मी त्यांची मुकादम. वय अठ्ठावन्न, बीपीची रोज एक गोळी, आणि त्या आठवड्यात एक पुरेल असं वाटत नव्हतं.

हे काम साबणाचं नव्हतं. युरोपातली एक संशोधन संस्था निरनिराळ्या देशांतल्या विषमतेची तुलना करत होती. श्रीमंत आणि गरिबांच्या कमाईत अंतर सगळीकडेच असतं. पण काही देशांत सरकार वरच्यांकडून दणकून टॅक्स घेतं आणि खालच्यांना पेन्शन, मुलांचा भत्ता, बेकारभत्ता असं काय काय देतं. त्यामुळे कमाईतलं अंतर मोठं असलं तरी शेवटी हातात जे राहतं त्यातलं अंतर आक्रसतं. याला फेरवाटप म्हणायचं. अंतर मोजायला एक आकडा असतो, त्याचं नाव गिनी. सोन्याची नव्हे. शून्य ते एक. शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाच्याच कपाटात. फेरवाटपाच्या आधीची गिनी आणि नंतरची गिनी यांत जितका फरक, तितकं त्या समाजाने वाटून घेतलं असं समजायचं.

आपल्याकडे सरकारी वाटपाने हा फरक फारसा पडत नाही. पण त्या संस्थेच्या लोकांचा अंदाज असा, की आपल्याकडे सरकारचं काम नातेवाईक करत असतील. कमावता भाऊ बिनकमावत्या भावाला धरून असतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. ते आकड्यात पकडायचं म्हणून फॉर्ममध्ये दोन प्रश्न होते. गेल्या वर्षभरात तुमच्या घराने दुसऱ्या घराला पैशांची किंवा वस्तूंची मदत केली का? आणि, तुमच्या घराला सरकारकडून किंवा दुसऱ्या घराकडून अशी मदत मिळाली का?

गडबड इथे झाली. सुवर्णाकडे कल्याण, डोंबिवली आणि टिटवाळा होतं. तिच्या घरांपैकी खूपच घरांनी 'मदत केली' म्हणून सांगितलेलं. 'मिळाली' म्हणणारी घरं शोधून काढावी लागत होती. आता एकाने दिलं तर दुसऱ्याला मिळायलाच हवं. हवेत तर जात नाही. बाकीच्या देशांत, आणि आमच्या बाकीच्या सर्व्हेवाल्यांकडेही, दिलेलं आणि मिळालेलं साधारण जुळत होतं. सुवर्णाकडे सगळे कर्ण, आणि दान घ्यायला कोणीच नाही.

"गावाला जात असेल," मी म्हटलं. "कोकणात, सातारा-सांगलीकडे."

"फॉर्ममध्ये कोणाला दिलं तेही आहे," साहेब म्हणाले. "बघा जरा. कळव्याची बहीण, डोंबिवलीचा भाऊ, कल्याणची भाची. सगळं इथल्या इथे."

माझी पहिली पळवाट तिथेच बंद झाली.

साहेबांचं गणित सरळ होतं. सुवर्णाचे सगळे फॉर्म रद्द करायचे, तिला कामावरून काढलं असं क्लायंटला कळवायचं, आणि नवी माणसं पाठवून भाग परत करून द्यायचा. "एक माणूस गेला तर प्रोजेक्ट वाचतो, मॅडम." ते वाईट नाहीत. घाबरले होते. एवढं मोठं काम कंपनीला पहिल्यांदाच मिळालेलं.

पण सुवर्णाचं काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. सर्व्हेचं जग अगदी लहान. मुंबई-ठाण्यातल्या फील्ड मॅनेजर एकमेकींना ओळखतात. 'ती घरी बसून भरते' एवढं एकीने दुसरीला म्हटलं, की त्या बाईला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. सुवर्णा मूळची चिपळूणकडची, राहायला टिटवाळ्याला. नवऱ्याची कंपनी गुजरातला गेली, नवरा इथेच राहिला, आणि घर हिच्या पायांवर आलं. अक्षरशः पायांवर, कारण हिचं काम म्हणजे दिवसभर जिने चढणं. पदवी नाही, दुसरं काम येत नाही, आणि या कामात तिच्याइतकं चोख कोणी नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले होते.

खरं सांगते, मलाही शंका आली. आम्ही फॉर्म टॅबवर भरतो, त्यात जीपीएस असतं. ती प्रत्येक इमारतीपाशी गेली होती हे दिसत होतं. पण इमारतीपाशी जाणं वेगळं आणि चौथ्या मजल्यावर जाऊन बेल दाबणं वेगळं. खाली बाकड्यावर बसून 'नाही, नाही, नाही' टिचक्या मारता येतात. असं करणाऱ्या मी पाहिल्यात, पकडल्यात. माणूस थकलं की करतं.

मी साहेबांकडे शुक्रवारपर्यंतची मुदत मागितली आणि बॅक-चेकला निघाले. बॅक-चेक म्हणजे ज्या घरी सर्व्हेवाली जाऊन आली तिथे सुपरवायझरने पुन्हा जायचं, ती खरंच आली होती का ते विचारायचं, आणि थोडे प्रश्न परत विचारून उत्तरं जुळतात का ते बघायचं. इन्व्हेस्टिगेटरला आधी सांगायचं नाही, हा नियम. त्यामुळे सकाळी सुवर्णाचा फोन आला, "मॅडम, मला आज एरिया नाही दिला?", तेव्हा मी सिस्टिम बंद आहे असं ठोकून दिलं. माझं मलाच कसंतरी झालं.

पहिलं घर डोंबिवली पूर्वेला, जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईंनी. सर्व्हेवाली आली होती का?

"आली होती की. चहा नको म्हणाली, पाणी प्यायली. फार प्रश्न विचारते हो ती."

माझ्या जिवात जीव आला. निदान बेल तरी दाबली होती. मग मी तोच प्रश्न परत विचारला. तुमच्या घराला कोणाकडून मदत मिळाली का?

"नाही हो. आम्ही कोणाकडून काही घेत नाही." आणि वर, "उलट ह्यांची बहीण कळव्याला असते, तिला आम्ही बघतो."

तंतोतंत सुवर्णाच्या फॉर्मसारखं. फॉर्म खरा होता. पण खरा असून उपयोग काय, आकडे तर जुळत नव्हते. मी टॅब मिटत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाई पदर सावरून बोलायला लागल्या. "हो भावोजी. भरली का? मेसेज आला का कॉलेजचा? बरं झालं बाई, शेवटची तारीख होती."

मी कान टवकारले. फोन ठेवल्यावर मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, मुलाची फी भावोजी भरतात का?

"मोठे दीर ना माझे. पहिलीपासून तेच भरतात. त्यांना मूलबाळ नाही."

"मग मघाशी मी मदतीचं विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "तुम्ही मदत विचारलीत. भावोजी काय परके आहेत? उद्या ते आजारी पडले तर आम्हीच धावणार ना? त्याला मदत म्हणतात होय तुमच्यात?"

मी कान पकडले. तोंडाने सॉरी म्हणाले, आणि मनात नुसती धावाधाव सुरू झाली.

दुसरं घर टिटवाळ्याला, नव्या टॉवरमध्ये. निवृत्त गृहस्थ, अगदी व्यवस्थित, चष्म्याला दोरी. मदत? छे. कधीच नाही. आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही. मी आता शहाणी झाले होते. घर छान आहे, म्हटलं, कधी घेतलंत? तर घर पुण्याच्या मुलाने घेऊन दिलेलं. मेंटेनन्सही तोच भरतो. त्यांच्या बहिणीचा नवरा दर मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणि वर्षाचा तांदूळ पाठवतो. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन मेहुण्याने केलं, म्हणजे पैसे त्याने भरले. आणि हे सगळं मोकळेपणाने, कौतुकाने सांगत होते. फक्त त्याला मदत म्हटलेलं चालणार नव्हतं. सरकारी रेशनचं विचारलं तर म्हणाले, "ते कार्डावरचं आहे, हक्काचं."

मी आणखी घरं केली. सगळीकडे तेच. देताना माणूस मोठा होतो, म्हणून 'दिलं' पटकन निघतं. घेताना लहान व्हावं लागतं, मग घेतलेलं घरातच विरघळून जातं. देणारा भाऊ हिशेबात धरतो, घेणारा भाऊ म्हणतो, त्यात काय, दादाच तर आहे. हे कोणी खोटं बोलत नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

मग बाकीच्या सर्व्हेवाल्यांचे आकडे एवढे विचित्र का नव्हते? ऑफिसला येऊन मी त्यांतल्या दोघींना बाजूला घेतलं. त्या आधी चाचरल्या, मग कबूल झाल्या. लोक नाही म्हणाले की त्या पुढे ढोसत होत्या, म्हणजे मामा, काका, दीर वगैरे कोणी? मग लोक हो म्हणत. आता आमचा सगळ्यांत कडक नियम असा, की प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, एक शब्द जास्तीचा घालायचा नाही, नाहीतर देशादेशांची तुलना करता येत नाही. तो मीच घोकून घेतला होता. दोघींनी तो मोडला म्हणून त्यांचे आकडे बरे दिसले. सुवर्णाने पाळला म्हणून ती खोटी ठरत होती. माझं डोकंच फिरलं.

साहेबांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मॅडम, हे भावनिक झालं. मी इंग्रिडला काय सांगू, भावोजी परके नाहीत म्हणून?" इंग्रिड ही त्या संस्थेतली आकडे तपासणारी बाई, मेल तिचाच. शिवाय बाकीच्या दोघींनी नियम मोडल्याचं सांगितलं तर अख्खं कामच रद्द होईल, ही त्यांची भीती. ती खोटी नव्हती. शेवटी कॉलवर मला थोडं बोलू द्यायचं ठरलं, पण सुवर्णाला काढल्याचं पत्र त्यांनी टाइप करून तयार ठेवलं. माझ्यासमोर.

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत आम्ही दोघंच.  स्क्रीनवर इंग्रिड. पस्तिशीची असेल, केस मागे घट्ट बांधलेले, हसली नाही, पण उद्धटही नव्हती. मी माझ्या इंग्रजीत सांगायला लागले. घरं, दीर, मुलगा, मेहुणा. तिने ऐकलं आणि विचारलं, ही तुमच्या दोन-चार घरांची गोष्ट झाली. तुमची माणसं थेट विचारल्यावरही मिळालेलं लपवतात, हे मी कशावरून मानू? आमच्याकडे तर लोक सांगतात.

लपवत नाहीत हो, त्यांना ते दिसतच नाही, असं मला म्हणायचं होतं. इंग्रजीत सुचेना. साहेबांनी पत्राच्या फाइलवर बोट ठेवलं. सुवर्णा गेली, असं मला स्पष्ट दिसलं.  मी खुर्ची साहेबांकडे वळवली, टॅब उघडला आणि प्रश्न छापलाय तसा, इंग्रजीत, एक शब्द इकडचा तिकडे न करता वाचला. गेल्या वर्षभरात तुमच्या घराला सरकारकडून किंवा दुसऱ्या घराकडून पैशांची किंवा वस्तूंची मदत मिळाली का?

साहेबांना वाटलं मी नमुना दाखवतेय. ते ताठ बसून म्हणाले, "नो. नेव्हर. मी ही कंपनी स्वतःच्या बळावर उभी केली आहे."

"सर, आपण बसलोय ती जागा कोणाची?"

 नौपाड्यातला तळमजला. तिथे भाडं काय पडतं ते ठाण्यात कोणालाही विचारा.

"माझ्या सासऱ्यांची," ते म्हणाले.

"भाडं?"

"घरच्या घरात कसलं भाडं?" हे ते मराठीत म्हणाले. मग थांबले. कानापर्यंत लाल झाले. मी इंग्रिडला भाषांतर करून सांगितलं. माझी नोकरी गेली, असं मी त्या क्षणी धरून चालले होते.

 इंग्रिड खाली बघून लिहीत होती. मग तिने विचारलं, ते खोटं बोलत होते असं तुम्हाला वाटतं का? मी म्हटलं, नाही, अजिबात नाही. तेव्हा ती हळू म्हणाली, की आमच्याकडे भत्ता येतो तेव्हा सोबत पत्र येतं. पत्र असल्यामुळे माणसाला लक्षात राहतं की मिळालं. तुमच्याकडे पत्र नसतं. तिने आणखी कुठे-कुठे असं झालं असेल याची काळजी बोलून दाखवली आणि कॉल संपवला. सुवर्णाचं काय, ते सांगितलंच नाही. शनिवार-रविवार मी कसे काढले ते माझं मला माहीत.

सोमवारी मेल आला. सुवर्णाचे फॉर्म खरे मानले होते. सगळ्याच देशांत 'मिळाली का' या प्रश्नापुढे नवे प्रश्न घालायचे, सगळीकडे सारखे: घर कोणाचं, फी कोण भरतं, आजारपणात खर्च कोणी केला, धान्य कुठून येतं. सगळी घरं नव्याने करायची, म्हणजे नियम मोडणाऱ्या दोघींचाही प्रश्न सुटला. साहेबांनी ते पत्र माझ्यादेखत फाडलं. माझ्याशी मात्र ते महिनाभर कामापुरतंच बोलत होते. मग एक दिवस दारात उभं राहून म्हणाले, "सासऱ्यांना म्हटलं, आता भाडं देतो. तर ते चिडले."

सुवर्णाला मी सगळं सांगितलं, तिच्या घरांत गुपचूप जाऊन आले तेही.  ती म्हणाली, "मॅडम, मी गेलेले सगळीकडे. तुम्ही फोनवर विचारलं असतं तरी मी खरंच सांगितलं असतं." मी नियमाचं बोलले. ती म्हणाली, नियम माहिती आहे, म्हणून राग नाही. पण होता. माझ्या लक्षात आलं.

नव्या प्रश्नांनी चित्र पालटलं. 'नाही' म्हणणारी घरं भराभर 'हो' होत गेली. दीर, मामा, मुली, जावई, सगळे बाहेर आले. मी खूश होते. तेवढ्यात सुवर्णा एका दुपारी ऑफिसला आली आणि टॅब माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "हे मी सबमिट नाही करणार. आधी तुम्ही येऊन बघा."

काही घरं अजूनही नाहीच होती. सगळे प्रश्न विचारूनही नाही. तिचा चेहरा उतरलेला. हे आकडे परत विचित्र दिसणार, परत मेल येणार, आणि या वेळी आपल्याला कोणी वाचवणार नाही, ही तिची धास्ती होती. खरं म्हणजे माझीही.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले. टिटवाळ्याच्या टॉवरांच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथे मंगल नावाची बाई राहते. समोरच्याच इमारतींत भांडी घासते. विदर्भातून आलेली, नवरा वारलेला, एक मुलगी. तिच्या ओट्यावर बसून मी स्वतः प्रश्न वाचले. खोली? भाड्याची, तीच भरते. मुलीची फी? मुलगी सातवीनंतर शाळेत गेली नाही. आजारपण? झालं होतं, अंगावर काढलं. धान्य? दुकानातून. रेशन कार्ड गावच्या पत्त्यावर, ते इथे चालवून घे असं कोणीतरी सांगितलं, पण कुठे जायचं ते माहीत नाही. सरकारी पैसे? बँकेत खातं नाही. भाऊ? आहे, तोही असाच कुठेतरी कामावर.

ती प्रत्येक प्रश्नाला विचार करून उत्तर देत होती. चुकू नये म्हणून. शेवटी तिने सुवर्णाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "ताई, कोणी द्यायचं असतं का?"

 एवढी वर्षं मी प्रश्न विचारत आले, मला कोणी विचारला नव्हता. आमच्या घरांतलं वाटप चालतं, झकास चालतं, पण ते ज्याला दीर आहे त्याच्याकडेच जातं. घराच्या भिंतीबाहेर ते पडत नाही. त्या थंड देशांत मंगलला निदान कोणी अनोळखी माणसाने भरलेल्या टॅक्समधून एक पत्र आलं असतं.

मी सगळीकडे 'नाही' ठेवलं, बॅक-चेकच्या रकान्यात माझं नाव घातलं आणि सुवर्णाला सबमिट करायला सांगितलं. इंग्रिडने ते फॉर्म जसेच्या तसे घेतले. कोणताही खुलासा मागितला नाही.

आता नव्या मुलींना शिकवताना मी एवढंच सांगते. 'नाही' आलं की थांबू नका, पुढचे छापलेले प्रश्न विचारा. सगळे विचारूनही 'नाही'च राहिलं, तर तो फॉर्म खोटा समजू नका. तो आधी माझ्याकडे आणा.